श्रेय कोणाचे, दोष कोणाचा : पूर्वनियोजन आणि इच्छास्वातंत्र्य यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

माणसाचे तारण देव ठरवतो की माणूस स्वतः? ख्रिस्ती धर्मविचारातला हा वाद सोळाशे वर्षे चालू आहे. लांबून पाहणाऱ्याला तो तर्कशास्त्रातला एक पेच वाटतो. देव सर्वज्ञ असेल तर उद्या मी काय करणार हे त्याला आजच ठाऊक आहे. ते ठाऊक असेल तर मला वेगळे काही करता येईल का? आणि येत नसेल तर माझ्या पापाची शिक्षा मला का? पेच खरा आहे आणि तो सोडवताना बुद्धीचा कस लागतो. तरीही या विषयाची ओळख त्यापासून करून घेऊ नये, असे मी नव्या वाचकाला आग्रहाने सांगेन. ज्यांनी हा वाद घातला त्यांतल्या कोणाला देवाचे उपकार मानायचे होते, कोणाला ढिल्या पडलेल्या समाजाला जागे करायचे होते, कोणाला तान्हे मूल गमावलेल्या आईबापांशी बोलायचे होते. म्हणून एक पद्धत सुचवतो. कोणता पक्ष काय सिद्ध करू पाहतो हे मागाहून बघावे. त्याला काय गमावण्याची भीती वाटते हे आधी बघावे. तेवढे कळले की रूक्ष वाटणारी पानेही बोलू लागतात.

मराठी वाचक इथे येतो तो प्रारब्ध, दैव, सटवाईने पाचवी-सहावीच्या रात्री कपाळी लिहिलेला लेख या कल्पना सोबत घेऊनच. त्या टाकून याव्यात असे मुळीच नाही, पण एक फरक ध्यानात ठेवावा. प्रारब्ध कितीही कठोर असले तरी ते आपल्याच पूर्वकर्मांचे फळ असते. ते कमावलेले असते. पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात याकोब आणि एसाव या जुळ्या भावांचा दाखला देतो, तो बरोबर याच्या उलट आहे. दोघे जन्मलेले नाहीत, बरेवाईट काही केलेले नाही, आणि निवड झालेली आहे. सटवाई लग्न, धन, आयुष्य सगळेच लिहिते; पौलाला मात्र एकाच गोष्टीची चिंता आहे, ती म्हणजे देवाच्या दयेत माणसाचा प्रवेश कसा होतो.

भारतीय परंपरेत खरे जवळचे नाते शोधायचे तर ते तमिळ श्रीवैष्णवांकडे सापडते. वडकलै पंथ म्हणतो, भक्ताने देवाला धरून राहावे, माकडाचे पिलू आईच्या पोटाला बिलगते तसे. तेंगलै पंथ म्हणतो, मांजरी पिलाला तोंडात धरून नेते, पिलू काहीच करत नाही. जर्मन धर्माभ्यासक रूडॉल्फ ओटो याने १९३० साली या साम्यावर एक अख्खे पुस्तक लिहिले. पण साम्य जिथे संपते तिथेच ख्रिस्ती वादाची धार सुरू होते. मांजरीने जे पिलू उचललेच नाही त्याचे काय, हा प्रश्न युरोपात शतकानुशतके लोकांना झोपू देत नव्हता.

बायबल या प्रश्नाचे एकच उत्तर देत नाही, आणि देते असे भासवणाऱ्या पुस्तकांपासून सावध राहिलेले बरे. पहिल्या तीमथ्यात देवाची इच्छा सर्व माणसांचे तारण व्हावे अशी सांगितली आहे, तर इफिसकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात जगाच्या स्थापनेपूर्वीची निवड येते. निर्गम पुस्तकातली फारोची गोष्ट घ्या. देव मोशेला आधीच सांगून ठेवतो की मी फारोचे मन कठीण करीन. पीडा सुरू झाल्यावर मात्र कथा वेगळ्या क्रमाने जाते. आरंभी फारोचे मन नुसतेच कठीण होते, कोणी केले ते सांगितलेले नाही. बेडकांची पीडा टळते तेव्हा फारो स्वतः ते कठीण करतो. आणि देवाने ते कठीण केले असे कथनकार म्हणतो तो सहाव्या पीडेपाशी, गळवांच्या वेळी. निवडीच्या बाजूचे भाष्यकार आधीच्या घोषणेवर बोट ठेवतात, इच्छास्वातंत्र्याच्या बाजूचे कथेच्या क्रमावर. तिसऱ्या शतकात ओरिजेन याने फारोवर सविस्तर लिहिले ते दुसऱ्या बाजूने, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्याच्यासमोर असे ज्ञेयवादी पंथ उभे होते जे म्हणत की काही माणसे स्वभावतःच तरणारी आणि काही स्वभावतःच नष्ट होणारी असतात. असे मानले तर पश्चात्तापाला अर्थच उरत नाही. ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या धर्मपित्यांनी माणसाचे स्वातंत्र्य इतके जपले ते या भीतीपोटी. पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेने ती जपणूक पुढे कधी सोडली नाही. आठव्या शतकात दमास्कसचा योहान म्हणतो की देव सर्व काही आधी जाणतो, पण सर्व काही आधी ठरवत नाही. ऑर्थोडॉक्स परंपरेचा कल आजही त्याच बाजूला आहे.

पश्चिमेची कथा वेगळी झाली ती ऑगस्टीनमुळे. हा उत्तर आफ्रिकेतला, आजच्या अल्जीरियातला माणूस. ३८६ साली मिलानमधल्या एका बागेत त्याचे जे झाले ते त्याने पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले. त्याला बदलायचे होते आणि बदलता येत नव्हते. हात हलवायचे मनात आणले की हात हलतो, पण मनानेच मनाला आज्ञा केली की मन ऐकत नाही. हा अनुभव ज्याने घेतला त्याला इच्छा म्हणजे दोन वाटांपैकी एक निवडण्याचे सामर्थ्य, ही व्याख्या पुरेनाशी होते. ऑगस्टीनच्या लेखी खरे स्वातंत्र्य म्हणजे चांगल्याची गोडी लागणे, आणि ती गोडी स्वतःला स्वतः लावून घेता येत नाही. ३९६-९७ च्या सुमारास मिलानमधला धर्मगुरू सिंप्लिसियान याच्या प्रश्नांना उत्तरे देताना तो या निष्कर्षाला पोहोचला होता. म्हणजे पेलेजियसशी वाद होण्याच्या कितीतरी आधी. हे मुद्दाम सांगतो, कारण ऑगस्टीनची भूमिका ही भांडणाच्या भरातली अतिशयोक्ती होती असे बरेचदा लिहिले जाते.

पेलेजियसलाही न्याय मिळायला हवा. तो ब्रिटनमधून रोमला आलेला तपस्वी. रोममधले नव्याने ख्रिस्ती झालेले श्रीमंत लोक बाप्तिस्मा घेऊन पूर्वीसारखेच वागताना त्याने पाहिले होते. तू जे आज्ञापितोस ते करण्याचे बळही तूच दे, अशा अर्थाची ऑगस्टीनची प्रार्थना कोणा बिशपाने त्याच्यासमोर उद्धृत केली तेव्हा तो संतापला, हे खुद्द ऑगस्टीननेच नोंदवले आहे. ४१३ च्या सुमारास डेमेट्रियास नावाच्या उमराव घराण्यातल्या तरुणीने संन्यस्त जीवन पत्करले. तिला लिहिलेल्या पत्रात पेलेजियस सुरुवातच मानवी स्वभावाला काय काय शक्य आहे यापासून करतो. जे जमणार नाही असे वाटते ते करायला कोणी धजत नाही, हे त्याचे निरीक्षण आजच्या कोणत्याही शिक्षकाला पटेल. त्याला गमवायची नव्हती ती माणसाची जबाबदारी. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने त्याची शिकवण अमान्य केली. त्याची भीती मात्र कोणालाच पुसून टाकता आली नाही.

ती भीती पुन्हा कशी वर आली हे एका मठात पाहायला मिळते, आणि या साऱ्या इतिहासातले माझे सर्वांत आवडते प्रकरण हेच आहे. आजच्या ट्युनिशियात जिथे सूस शहर आहे तिथे हाड्रुमेटम होते. तिथल्या मठातला फ्लोरस नावाचा एक संन्यासी आपल्या गावी उझालिसला गेला असता त्याला ऑगस्टीनचे एक जुने पत्र सापडले. त्याने त्याची नक्कल उतरवून घेतली आणि सोबत्याच्या हाती मठात धाडली. मठाधिपती व्हॅलेंटिनस याला पत्ता नाही आणि आत पत्राचे वाचन सुरू! अर्धे संन्यासी भारावले, अर्धे बिथरले. सगळेच कृपेने होत असेल तर आम्ही चुकल्यावर वडीलधाऱ्यांनी आम्हांला रागवावे कशाला? त्यांनी काय करावे तेवढे सांगावे आणि ते करण्याचे बळ आम्हांला मिळो अशी प्रार्थना करावी, बस्स. तंटा इतका वाढला की ४२६-२७ च्या सुमारास दोन तरुण संन्यासी थेट हिप्पोला ऑगस्टीनकडे गेले. तो तेव्हा सत्तरी ओलांडलेला बिशप. त्याने त्या पोरांना हाकलले नाही, की पाखंडी म्हटले नाही. पुनरुत्थानाचा सण होईपर्यंत ठेवून घेतले आणि त्यांच्याबरोबर बसून कागदपत्रे वाचली. त्यांत कार्थेजचा पूर्वीचा बिशप सिप्रियान याचे प्रभूच्या प्रार्थनेवरचे पुस्तकही होते. निवड हा शब्द उच्चारण्याआधी त्याने त्यांना विचारायला लावले, की तुम्ही रोज देवाजवळ मागता ते काय? जे स्वतःला करता येते ते कोणी मागत नाही. या भेटीतून आणि पुढच्या पत्रव्यवहारातून त्याची दोन छोटी पुस्तके जन्मली, एक कृपा आणि इच्छास्वातंत्र्य यांवर, दुसरे कानउघाडणी आणि कृपा यांवर. रागावणे हेही कृपेचेच एक साधन असू शकते, असे दुसऱ्यात तो म्हणतो. उत्तर सर्वांना पटेल असे नाही. पण पूर्वनियोजनाची शिकवण मठातल्या रोजच्या शिस्तीला भिडते तेव्हा काय होते, हे इतक्या जवळून क्वचितच दिसते.

यानंतरच्या शतकात पश्चिमेने जो तोल साधला तो या क्षेत्राचा कणा आहे. ५२९ साली ऑरेंज इथे भरलेल्या लहानशा धर्मसभेने सांगितले की विश्वासाची पहिली चाहूलसुद्धा कृपेची. आणि त्याच दमात सांगितले की देवाने कोणाला दुष्टतेसाठी नेमले आहे असे म्हणणारा शापित असो. तारणाचे श्रेय सगळे देवाचे, नाशाचा दोष सगळा माणसाचा. दोन्ही पारड्यांना एकच नियम लावा, असा तर्काचा आग्रह असतो. मुख्य प्रवाहातल्या जवळपास प्रत्येक ख्रिस्तमंडळीने तो नाकारला आहे, आणि माझ्या मते तो शहाणपणाने नाकारला आहे. उपकाराची भाषा आणि अपराधाची भाषा एकाच सूत्रात बसवली की दोन्हींपैकी एक खोटी पडते.

ज्याने ती एका सूत्रात बसवायचा प्रयत्न केला त्याची कहाणी दुःखाची आहे. नवव्या शतकातल्या गॉटशाल्क याला आईवडिलांनी लहानपणीच फुल्डाच्या मठाला अर्पण केले होते. मोठेपणी त्याने त्या बंधनातून सुटका मागितली. ती पुरती मिळाली नाही. पुढे त्याने शिकवले की निवड दुहेरी आहे, काहींची जीवनासाठी आणि काहींची मरणासाठी. ८४९ साली कियेर्झीच्या सभेत त्याला चाबकाने फोडून काढले, आपले लिखाण स्वहस्ते आगीत टाकायला लावले आणि ओव्हिलेरच्या मठात डांबले. सुमारे वीस वर्षांनी तो तिथेच वारला. ज्याचे आयुष्य दुसऱ्यांनी ठरवले त्याने अशी शिकवण द्यावी, यात कार्यकारणभाव शोधण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण गॉटशाल्क हा ऑगस्टीनचा बारकाईने अभ्यास केलेला विद्वान होता आणि त्याचे वाचन त्या ग्रंथांवर उभे होते.

पूर्वज्ञानाचा प्रश्न इथे चटकन उरकतो, कारण खरी गाठ तिथे नाही. मृत्युदंडाची वाट पाहत असलेल्या बोएथियसने ५२४ च्या आसपास लिहिले की देव काळाच्या बाहेर आहे, त्याला आधी आणि नंतर नाहीच. तो पाहतो म्हणून गोष्ट सक्तीची होत नाही. थॉमस अक्वायनसने हे पुढे नेले आणि देवाचे कर्तृत्व व माणसाचे कर्तृत्व एकाच पातळीवर मोजू नये असे शिकवले. ज्यांना तत्त्वज्ञानाची आवड आहे त्यांनी इथे रेंगाळावे.

सोळाव्या शतकात हा वाद मठांतून बाजारपेठांत आला. १५२४ मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले, १५२५ मध्ये ल्यूथरने बंदिस्त इच्छेवर उत्तर दिले. ल्यूथर इतर बाबतींत इरॅस्मसवर तुटून पडतो, पण पोप आणि शुद्धिस्थळ यांसारखे किरकोळ विषय सोडून तू नेमक्या मर्मावर बोट ठेवलेस, अशी दादही देतो. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ साली कॅथलिक भूमिका मांडली: आरंभ कृपेचाच, पण कृपेने हलवलेली इच्छा होकार देऊ शकते आणि नकारही. त्या होकाराचे स्वरूप काय यावरून पुढे जेझुइट आणि डॉमिनिकन यांच्यात असा संघर्ष पेटला की रोममध्ये १५९८ ते १६०७ चौकशी चालली. अखेर पोप पाचव्या पॉलने कोणालाच दोषी ठरवले नाही. एकमेकांना पाखंडी म्हणू नका, एवढे बजावले. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. राचोल इथे १६१६ मध्ये छापलेले क्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स जेझुइटच होते. आदामापासूनची तारणकथा मराठी ओव्यांतून सांगताना माणसाचा होकार ते कसा रंगवतात, हे या पार्श्वभूमीवर वाचून पाहण्यासारखे आहे.

पूर्वनियोजन म्हटले की काल्व्हिनचे नाव येतेच. समाजशास्त्राचे विद्यार्थी तर त्याला मॅक्स वेबरच्या १९०४-०५ च्या निबंधातूनच ओळखतात. वेबर महत्त्वाचा आहे; पण त्याच्या पानांत भेटतो तो मुख्यतः काल्व्हिनच्या नंतरच्या पिढ्यांचा धास्तावलेला भाविक. स्वतः काल्व्हिन आपल्या ग्रंथाच्या १५५९ च्या आवृत्तीत हा विषय देवाच्या स्वरूपाच्या चर्चेत घेत नाही. तो तिसऱ्या भागात, प्रार्थनेवरच्या दीर्घ प्रकरणानंतर घेतो, आणि कुतूहलापोटी आत शिरणारा भुलभुलैयात अडकेल असा इशारा दारातच देतो. तो दुहेरी निवड मानतो, आणि तिचा कठोरपणा मी सौम्य करून सांगणार नाही. विषय कुठे ठेवला आहे हे मात्र पाहावे.

नेदरलँड्समध्ये अर्मिनियसने या कठोरपणाला हरकत घेतली. १६०९ साली तो वारल्यावर पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमी निवेदन दिले. त्याला उत्तर म्हणून नोव्हेंबर १६१८ पासून मे १६१९ पर्यंत डॉर्ड्रेख्ट इथे सभा भरली. ज्यांना आज काल्व्हिनमताचे पाच मुद्दे म्हणतात त्यांचा आकडा अर्मिनियसवाद्यांच्या निवेदनावरून आला आहे, काल्व्हिनच्या ग्रंथातून नव्हे. सभेमागे राजकारण होते आणि ते रक्तरंजित होते: अर्मिनियसवाद्यांना पाठीशी घालणारा वृद्ध मुत्सद्दी ओल्डेनबार्नेफेल्ट याचा हेगमध्ये १३ मे १६१९ रोजी शिरच्छेद झाला. हे सांगितलेच पाहिजे. पण त्याच सभेच्या ठरावांत, पहिल्या विभागाच्या सतराव्या कलमात, तान्हेपणी वारलेल्या मुलांचा विषय येतो. देवभीरू आईबापांनी अशा लेकरांच्या निवडीविषयी शंका धरू नये, असे ते कलम म्हणते. ज्या काळात पाळणे वारंवार रिकामे होत त्या काळातले हे वाक्य आहे. निवड आणि नकार हे एकाच रीतीने घडत नाहीत, हेही त्या ठरावांच्या समारोपात नोंदलेले आहे. ऑरेंजचा तोल तिथेही सुटलेला नाही.

आता अशा एका साखळीकडे येतो जिचे शेवटचे टोक आपल्या भाषेत आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या काही बॅप्टिस्ट मंडळ्यांत असा विचार रुजला की पापी माणसाला विश्वास ठेवताच येत नाही, म्हणून विश्वास ठेवणे हे त्याचे कर्तव्यही नाही, म्हणून उपदेशकाने सरसकट सर्वांना बोलावू नये. अमेरिकेत जोनाथन एडवर्ड्स याने १७५४ च्या आपल्या ग्रंथात एक भेद केला होता: शक्ती नसल्यामुळे न करता येणे वेगळे, आणि मनच नसल्यामुळे न करता येणे वेगळे. दुसऱ्या प्रकारची असमर्थता जबाबदारीतून सोडवत नाही. केटरिंगचा पाळक अँड्र्यू फुलर याने हा भेद उचलला आणि १७८५ मध्ये लिहिले की सुवार्तेचे निमंत्रण प्रत्येकाला दिलेच पाहिजे. निवडीची शिकवण त्याने सोडली नाही. तिच्या आड लपण्याची सोय काढून घेतली. त्याच वर्तुळातल्या विल्यम कॅरीने १७९२ मध्ये इतर देशांत जाण्याच्या कर्तव्यावर पुस्तिका लिहिली, आणि १७९३ मध्ये तो बंगालमध्ये उतरला. १८०५ साली श्रीरामपूरला त्याचे मराठी व्याकरण छापले गेले, वैजनाथ पंडितांच्या मदतीने. १८१० मध्ये मराठी कोश. इच्छेच्या असमर्थतेविषयी अमेरिकेत झालेला एक सूक्ष्म भेद आणि मराठीचे छापील व्याकरण यांच्यामध्ये असा सलग रस्ता आहे.

इंग्लंडमधले उपदेशक वेस्ली आणि व्हाइटफिल्ड यांचा याच प्रश्नावरचा १७३९ पासूनचा जाहीर मतभेद, आणि विसाव्या शतकात कार्ल बार्टने केलेली मांडणी, या दोन्हींना इथे न्याय देता येणार नाही. बार्टने १९४२ च्या खंडात निवडणारा देव आणि निवडलेला माणूस दोन्ही ख्रिस्तच आहे असे म्हटले आणि अमुक माणूस निवडलेला की नाकारलेला या प्रश्नाची जागाच बदलली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि ल्यूथरवाद्यांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. पुढे मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड मंडळ्याही तीत सामील झाल्या.

सुरुवात कोठून करावी? रोमकरांस पत्राचे नऊ ते अकरा हे अध्याय एका बैठकीत वाचावेत. नववा वाचून थांबणाऱ्यांनी फार नुकसान केले आहे. अकराव्याच्या शेवटी देवाची दया सर्वांवर असल्याचे पौल म्हणतो आणि युक्तिवाद सोडून स्तुतीला लागतो. मग हाड्रुमेटमची दोन पुस्तके. इरॅस्मस आणि ल्यूथर एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत, एकटा कोणीच नव्हे. काल्व्हिनचा तिसरा भाग एकविसाव्या प्रकरणापासून न उघडता विसाव्यापासून, प्रार्थनेपासून उघडावा. आणि मराठी वाचकाने घरची पुस्तके पुन्हा हाती घ्यावीत: बाबा पदमनजींचे 'अरुणोदय', पंडिता रमाबाईंचे लेखन, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. या माणसांनी घरादाराचा विरोध पत्करून निर्णय घेतला. इतका खर्चिक निर्णय की त्याला स्वतःचा म्हणण्याचा हक्क कोणालाही द्यावा. तरी आपल्याला कोणीतरी आणले, ही भाषाही तिथे भेटते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी तो लगेच घेतला नाही, काही वर्षांनी घेतला. मधल्या वर्षांची त्यांची पाने पेन्सिल हाती धरून वाचावीत, आणि मन कोठे त्यांनी वळवले व कोठे ते वळले याच्या खुणा समासात करत जाव्यात.